टोपीवरची खूण

टेप न लावता माप घेणारा शिंपी चिटगुप्प्यात एकच, आमचे टेलर अण्णा. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्यांच्या डोक्यात सदरा बेतून झालेला असे. कुणी टेपचा हट्ट धरलाच तर म्हणायचे, "लावतो की. पण टेप बघून पोट आत वढू नका, मला खरं माप म्हाईत हाय." त्यांच्या भिंतीला लागूनच माझं वह्या-पुस्तकांचं दुकान, त्यामुळे ही करमणूक मला फुकट मिळायची.

ढिली शिवण त्यांना सोसवत नसे. एकदा मांडवात नवरदेवाची कॉलर उसवलेली दिसली, तर अण्णांनी अक्षता खिशात ठेवल्या आणि आधी सुई काढली.

मग एका उन्हाळ्यात अण्णा गप्प झाले. घरात काही घडलं नव्हतं, भांडण नव्हतं. मशीनवर चादर टाकून नुसते बसून राहायचे. गोळ्या झाल्या, देव झाले, दर्गाही झाला. शेवटी कलबुर्गीच्या एका डॉक्टरांनी डोक्याला चुंबकाचे ठोके द्यायचं सुचवलं. रविवार सोडून रोज, सहा आठवडे. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गुडघ्यांमुळे बस झेपेना, म्हणून मी सोबत जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांना कापडी टोपी घातली आणि वरून चुंबक टेकवला. टक् झालं, तसा अण्णांचा अंगठा आपोआप उडाला. त्यावरून ठोक्याचा जोर ठरला. मग डोकं टेपनं मोजून, रोज जिथं ठोके द्यायचे तिथं टोपीवर पेनानं खूण केली. अण्णा अंगठ्याकडे बघत म्हणाले, "अंगठा तर हाललाय डॉक्टर. आता मन तेवढं हालवा."

टोपी रोज घरून न्यायची असे. दुसऱ्या आठवड्यात मी बोलवायला गेलो तर मशीनवरची चादर काढलेली, आणि अण्णा चक्क शिवत होते. "टोपी ढिली हाय रे. कुणी शिवलीय काय की. मागून दोन बोटं आत घ्यायलोय." मी अक्कांना हाक मारली. त्या दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. त्या आनंदात खुणेकडे कोण बघतो?

काही दिवसांनी डॉक्टरांनी डोकं पुन्हा टेपनं मोजलं. टोपी मागून आत घेतल्यामुळे खूण बोटभर सरकली होती. अण्णा बाहेर बाकावर होते. मी विचारलं, "म्हणून गुण येईना का?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. जागा बरोबर असूनही काहींना गुण येत नाही."

उरलेले ठोके नव्या टोपीतून, बरोबर जागी बसले. अण्णा होते तसेच राहिले. त्या दिवशी त्यांना थांबवायला हवं होतं, असं मला सारखं वाटतं. पण सुई धरलेल्या अण्णांना थांबवायचं तरी कसं, हे अजून सुचलेलं नाही.

पुढे त्यांची मुलगी दोघांना उदगीरला न्यायला आली. बसच्या पायरीवर अण्णा थांबले. "माझी टोपी बराबर बसत हुती न्हवं?"

"व्हय अण्णा. एकदम मापात."

"मग नवी कामून दिली?"

"जुनी मळली होती, अण्णा."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं, गिऱ्हाइकाला बघायचे तसं, आणि आत जाऊन बसले.