जबाबदारीवाले भाऊजी

कुठल्याही गडावर जायचं ठरलं, की भाऊजी पहिला फोन लावायचे तो बायकांच्या सासऱ्यांना. गाडी नंतर, वाट नंतर, पाऊसपाणी त्याच्याही नंतर. दारात खुर्ची टाकून, चष्मा कपाळावर चढवून ते एकेक नंबर लावायचे आणि प्रत्येकाला तेच ऐकवायचे, "दादा, रविवारी सूनबाईला सदाशिवगडावर नेतोय. माझ्या जबाबदारीवर." पलीकडून होकार आला, की त्या बाईचं येणं पक्कं. तिला स्वतःला यायचं आहे का, हे त्यांनी कधी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी त्यांच्याविषयी गोड लिहिणार नाही. आमचं बोलणं बंद आहे आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. इथे अहो-जाहो करते आहे ती केवळ जिभेची सवय. पण कराडच्या आसपास कुठल्याही कॉलनीत गेलात तरी असा एक भाऊजी सापडतो. सगळ्या बायकांचा तो दीर असतो, सगळ्या पुरुषांचा विश्वासू असतो आणि त्याच्याशिवाय बायकांनी चार मैलांवरचा डोंगरही चढू नये, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. आपापला भाऊजी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी काय सांगते आहे ते कळेल.

आमच्या भाऊजींनी उभा जन्म साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढला. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण मधूनच पळालं, एवढंच बघायचं काम. निवृत्त झाल्यावर माणसाचा हात रिकामा होतो, पण नजर रिकामी होत नाही. कॉलनीत कुणाच्या दारात कुणाची गाडी उभी आहे, हे त्यांना घरमालकाच्या आधी कळायचं.

माझा मसाल्याचा डंक आहे. उन्हाळ्यात चटणीसाठी मिरच्या कांडून घ्यायला बायका येतात, नंबर लागेपर्यंत बसतात, शिंकतात आणि बोलतात. दुकानाच्या दारातून आगाशिवचा डोंगर दिसतो. त्यात लेणी आहेत हे सगळ्यांना माहीत, पण तिथं बसलेल्या निम्म्या जणींनी ती जवळून पाहिलेली नव्हती. त्या बोलण्यातूनच ठरलं की महिन्यातून एका रविवारी जवळचा एखादा गड नाही तर लेणी बघायची. स्वयंपाक उरकून निघायचं आणि संध्याकाळी म्हशींच्या धारा काढायच्या वेळेला परत. बेत सोपा होता. अवघड होतं घरातून निघणं. भाऊजी बरोबर असतील तर सोडतील, असं तिघीचौघींनी म्हटलं, म्हणून मीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं विचार केल्यासारखं दाखवलं आणि फोन हातात घेतला.

एक गोष्ट त्यांना चांगली जमायची. गडाच्या पायथ्याच्या प्रत्येक गावात कारखान्यामुळे त्यांच्या ओळखीचा ऊसवाला शेतकरी असायचा. आधी सांगून ठेवल्यामुळे त्या घरचं न्हाणीघर, संडास, प्यायचं पाणी सगळं आमच्यासाठी मोकळं असे. बायकांचा ट्रेक ठरवताना वाट किती चढाची आहे यापेक्षा ही सोय आधी बघावी लागते, आणि भल्या भल्या ट्रेकवाल्या पोरांच्या ते ध्यानात येत नाही. भाऊजींच्या ध्यानात यायचं. हे श्रेय मी त्यांना देते. नाकारून मला काय मिळणार?

पण पायथा सोडला, की त्यांचा अंमल सुरू व्हायचा. गळ्यात शिट्टी. पुढे एक, मागे एक, मध्ये बाकीच्या. कुणी करवंदाच्या जाळीत शिरली की शिट्टी. कुणी बुरुजावर पाय सोडून बसली की शिट्टी. सदाशिवगडाच्या कड्यावरून खाली कृष्णेकाठचा सगळा हिरवा पट्टा दिसतो, आम्ही तो बघत बसायचो आणि भाऊजी त्याच्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसायचे. डोकी मोजायचे. शमा म्हणून आमच्यात एक आहे, तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान आहे. तिची जीभ चटणीपेक्षा तिखट. ती एकदा त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "वैनी, हे आपल्याला गड दावाय आणत्यात का शेरडं वळाय?" भाऊजी हसले नाहीत. पुढच्या महिन्यात शमाच्या सासऱ्यांना त्यांचा फोन गेलाच नाही. तिच्या सासऱ्यांनी मात्र असल्या फोनची कधी वाट बघितली नव्हती. ती आली, पाठीमागच्या सीटवर बसली आणि वाटभर त्यांना ऐकवत राहिली.

गडाच्या दरवाज्यात फोटो ठरलेला. आम्ही ओळीत, मधोमध भाऊजी. तो लगेच कॉलनीतल्या पुरुषांच्या ग्रुपवर जायचा, खाली मजकूर, सर्व भगिनी सुखरूप. आणि परतल्यावर एकेकीला दारापर्यंत नेऊन घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारायचे, "दादा, पोचती केली बरं का." कुरियरवाला निदान सही तरी आपली घेतो.

एवढ्यावर मी त्यांच्याशी भांडले नसते. बायकांना गड बघायला मिळत होते, आणि त्यासाठी एका माणसाचा मोठेपणा सोसायचा, हा हिशेब मला परवडत होता. तो बिघडला सुनंदामुळे.

सुनंदाचा नवरा पलटणीत आहे. ती इथं सासू-सासऱ्यांजवळ राहते, दोन म्हशी आणि उसाचं रान बघते. डंकावर ती सगळ्यात कमी बोलायची, पण गडाचा विषय निघाला की सगळ्यात आधी तयार. कारण तिनं एकदाच सांगितलं. नवरा तिकडच्या बर्फाच्या डोंगरांतून व्हिडिओ कॉल करतो आणि फोन फिरवून फिरवून तिला डोंगर दाखवतो. "मला बी त्येला एकदा हितला डोंगर दावायचाय," ती म्हणाली. प्रत्येक गडावर ती रेंज शोधत फिरायची. कधी रेंज नसायची, कधी तो ड्युटीवर असायचा. मग म्हणायची, पुढच्या बारीला.

असंच एकदा आम्ही नांदगिरीच्या कल्याणगडावर गेलो. तिथं पहिल्या दरवाज्याच्या आत डोंगराच्या पोटात शिरलेली लांब गुहा आहे. आत काळोख आणि गुडघ्याच्या वर थंड पाणी. कठडा धरून पुढे गेलं की मूर्ती दिसतात. भाऊजी तोंडाशी उभे राहिले आणि म्हणाले, बायकांनी आत जायचं नाही, कपडे भिजतील. सगळ्या थबकल्या. सुनंदानं चपला काढल्या आणि ती सरळ पाण्यात शिरली. तिच्यामागून शमा, मग मी. मागून शिट्टी वाजत होती आणि गुहेत तिचा आवाज असा घुमत होता की आम्हाला हसू आवरेना. सुनंदा मोठ्यानं हसते हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर आलो तेव्हा तिघींचे कपडे कमरेपर्यंत ओले होते. उन्हात बसलो आणि वाळवले. बस्स, इतकंच घडलं.

संध्याकाळी सुनंदाला पोचती करताना भाऊजींनी तिच्या सासऱ्यांना, अण्णांना, अंगणात बाजूला घेतलं. सूनबाई ऐकत नाही, ओल्या कपड्यानं चारचौघांत बसते, पुढच्या वेळी मी जबाबदारी घेऊ शकत नाही, असं बरंच काही सांगितलं. अण्णा स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते सुनेला एवढंच म्हणाले, पुरं झालं गड.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या दुकानावरून चालले होते. मी मशीन बंद केली आणि त्यांना हाक मारली. अण्णांना काय म्हणून सांगितलं, असं सरळ विचारलं.

"आवं वैनी, उद्या तिथं पाय घसरला असता तर नाव कुणाचं गेलं असतं?"

"पाय तिचा गेला असता. तुम्ही नावाचं काय घेऊन बसला?"

"मी शब्द दिलेला असतो. माझ्या शब्दावर त्या घराबाहेर पडत्यात, हे विसरू नका."

मी म्हटलं, मग यापुढे तुमचा शब्द नको. तुम्ही येऊ नका. ते हसले. ते हसू मला अजून आठवतं, टाइम ऑफिसच्या खिडकीतून उशिरा आलेल्या कामगाराकडे बघतात तसं.

"एक जीप भरून दाखवा माझ्याबिगर," ते म्हणाले. "कोण सोडतंय बगू."

कुणी फारसं सोडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मी सगळ्यांना कळवलं की आता कुणाच्या घरी फोन जाणार नाही, जिनं तिनं आपापल्या घरी सांगायचं. पहिल्या रविवारी शमा, मी आणि दुकानाशेजारची एक शिक्षिका, एवढ्याच. तिघींसाठी जीप कशाला, एसटीनं गेलो. भाऊजींची जीप त्याच दिवशी भरून गेली. ज्या बायका माझ्या दुकानात त्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या, त्याच त्यांच्या मागे ओळीनं बसल्या होत्या. मला राग आला, पण त्या बायकांचा नाही. घरी स्वतः सांगायचं म्हणजे घरच्यांचं नाही ऐकायची तयारी हवी, आणि भाऊजींनी ती वेळ त्यांच्यावर कधी येऊच दिली नव्हती. माझं भाऊजींशी खरं भांडण हे होतं. बायका गडावर जात होत्या, पण घरात तोंड उघडायला शिकत नव्हत्या.

हळूहळू आम्ही जीपभर झालो. सुनंदा मात्र येत नव्हती. दुकानात यायची, मिरच्या द्यायची, न्यायची. मी आग्रह केला नाही. जाच तिला सोसायचा होता, मला नाही.

वसंतगडाचा बेत ठरला तेव्हा तिनं आपणहून विचारलं, कवा निघायचं. आदल्या दिवशी जेवताना तिनं घरी सांगितलं की रविवारी वसंतगडावर जाणार आहे. अण्णांनी विचारलं, भाऊजींचा फोन कसा आला नाही. ती म्हणाली, येणार नाही. अण्णा ताटावरून उठले आणि गोठ्यात गेले. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. सकाळी ती स्वयंपाक झाकून, म्हशींना वैरण टाकून कोपऱ्यावर आली. जीपमध्ये तिनं हे सगळं आम्हाला सांगितलं तेव्हा शमानं तिचा हात धरला होता. घरी गेल्यावर काय होईल, हे कुणालाच माहीत नव्हतं.

गडावर पोचलो आणि देवळाजवळ भाऊजी भेटले. त्यांची जीपही त्या दिवशी वसंतगडालाच आली होती, फक्त ते तळबीडच्या बाजूनं चढले होते आणि आम्ही दुसऱ्या अंगानं. आम्हाला बघितल्यावर त्यांनी आधी आपल्या बायका मोजल्या आणि मग, सवयीनं, आमच्याही मोजल्या. सुनंदापाशी त्यांचं बोट थांबलं.

"तू कशी आलीस? घरी इचारलंस का?"

सुनंदा पदर सारखा करत उभी राहिली.

"सांगून आलीया," ती म्हणाली. "इचारून न्हाई."

भाऊजींनी फोन काढला. मी पुढे झाले, पण शमानं मला मागं ओढलं. लावू दे त्यांना, असं तिच्या डोळ्यांत होतं. त्यांनी अण्णांना फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. अण्णा, तुमची सूनबाई हितं गडावर आलीया, मला काय माहीत नव्हतं, माझी जबाबदारी न्हाई बरं का, असं एका दमात म्हणाले.

पलीकडे म्हैस ओरडत होती. अण्णा म्हणाले, "व्हय. सांगून गेलीया ती. तुमी कशापायी फोन केला?"

भाऊजी स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले.

"धारंच्या वक्ताला ये म्हणावं," अण्णा म्हणाले. "आन् पोराचा फोन आलता हितं. रेंज असंल तर त्येला लाव म्हणावं." आणि फोन ठेवला.

हे सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी निरोप सांगितल्याशिवाय भाऊजींना राहवेना. "नवऱ्याला फोन लाव म्हणत्यात," ते तिला म्हणाले. सुनंदा तोवर बुरुजाकडे पळाली होती. तिथं रेंज होती. तिनं फोन हातभर लांब धरला आणि पलीकडची कोयनेची बाजू, खालचं गाव, उसाची रानं, आमची सगळ्यांची तोंडं असं एका बाजूनं फिरवत नेलं. भाऊजींच्या जीपमधल्या बायकाही ओळ सोडून तिच्याभोवती गोळा झाल्या. शिट्टी वाजली नाही.

मी डबे बांधत होते. भाऊजी जवळ आले, पण माझ्याकडे न बघता देवळाकडे बघत बोलले.

"वैनी, तळबीडच्या वाटंवर खालच्या टप्प्याला दगड सुटल्यात. आल्या वाटंनंच उतरा."

आम्ही त्याच वाटेनं उतरणार होतो, म्हणून आमची जीप मी तळबीडला वळवून आणायला सांगितली होती. ड्रायव्हरला फोन करून ती पुन्हा मागं बोलावली आणि आम्ही आल्या वाटेनं उतरलो. भाऊजी माझ्याशी बोलले ते तेच शेवटचं. मी त्यांचे आभार मानले नाहीत.