देव्हाऱ्याखालची ओल

ठकूबाई आमच्या तमाशाच्या फडात एकोणतीस वर्षं स्वयंपाकाला होती. मी राजाची कामं करायचो. जास्तीची भाकरी मागितली की म्हणायची, "म्हाराज, राज्य स्टेजवर करा. हितं सगळ्यांना दोनच." आणि मग हळूच तिसरी वाढायची.

गुडघे गेले तेव्हा, अठ्ठ्याण्णव साली, ती पिंपळवंडीला मुलाकडं, गोरखकडं राहायला आली. माझं घर शेजारीच. सोबत तिनं एक पत्र्याची पेटी आणली आणि फडातली एक मांजरी. स्टेजवर गवळण सुरू झाली की ही दुधाच्या पातेल्यापाशी हजर व्हायची, म्हणून तिचं नावच गवळण पडलं होतं.

आमचे तंबू नांगरलेल्या रानात पडायचे. तिथं माती उकरायला मांजराला कोण अडवणार? घरात मात्र ठकूबाईनं फुटक्या घमेल्यात चुलीची राख भरून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवली. घाण रोज काढायची, राख बदलायची. तीन वर्षं घरात कुणाला वास आला नाही.

मग गोरखनं घर नवं केलं. फरशी आली, गॅस आला, चूल मोडली आणि राख संपली. घमेल्यातली जुनी राख ओलीगच्च होऊन बसली. एका सकाळी गवळण देव्हाऱ्याखाली मुतली.

सून अश्विनी तोंडाची फटकळ, पण वाईट नव्हे. ती म्हणाली, "आत्याबाई, देवाच्या पायाशी? मी रोज हितं पूजा करायची कशी?"

गोरख म्हणाला, "पुन्यांदा झालं तर पोत्यात घालून नदीपल्याड सोडीन." घाण करणाऱ्या मांजराचं आमच्याकडं हेच करतात. पोत्यात घातलं म्हणजे त्याला परतीची वाट कळत नाही.

ठकूबाई तांब्या घेऊन माझ्या गोठ्यात आली. "म्हाराज, देवाची जागा बाटली. गोमूत्र द्या."

मी तांब्या भरून दिला. वर सांगितलं, "हात राखून शिंपडू नको. लागंल तेवढं ने."

तिनं फरशी पुसली, गोमूत्र शिंपडलं. तिसऱ्या दिवशी गवळण पुन्हा तिथंच. मग ठकूबाई घर जागं व्हायच्या आधी उठू लागली. ओल पुसायची, गोमूत्र शिंपडायची, मांजरीला जवळ घेऊन म्हणायची, "बये, आता तरी ऐक. हे घर माझं न्हाई." आठवडाभर मी रोज तांब्या भरून देत होतो.

आठव्या दिवशी ठकूबाईनं पुसायच्या आधीच पूजेचं ताट घेऊन आलेल्या अश्विनीचा पाय ओलीत पडला. ताट ठेवून तिनं गोरखला हाक मारली.

"गोठ्यात बांधून ठेवते तिला," ठकूबाई म्हणाली.

"आई, मांजर काय बांधून राहतं व्हय?"

गवळण कुणाच्याच हाती लागेना. शेवटी ठकूबाईनंच तिला उचलून पोत्यात घातलं.

पाच दिवसांनी जनावरांचे डॉक्टर माझी गाय गाभण आहे का ते बघायला आले. बोलता बोलता मी ही हकिगत सांगितली. ते हात धुवायचे थांबले. "अहो, मुताचा वास आला की मांजराला वाटतं, आपली जागा हीच. मग ते गाईचं का असेना. साबणानं धुवून, खायचा सोडा टाकून पुसायचं होतं. आणि घमेल्यात कोरडी वाळू. तेवढ्यानं भागलं असतं."

हे ठकूबाईला सांगावं की नाही, याचा मी दुपारपर्यंत विचार केला. मांजरी सापडण्याची आशा होती, म्हणून सांगितलं. तांब्या भरून देणारा मीच होतो, तेही सांगितलं.

ती म्हणाली, "तुमी दिलं, पर शिंपडलं मी." मग गोरखकडं वळली. "कुठं सोडलीस, दाव मला."

आम्ही तिघं कुकडी नदीपल्याड गेलो. दोन्ही अंगांना ऊस. ठकूबाई बांधाबांधानं हाका मारत फिरली. उसाला पाणी देणारा एक जण म्हणाला, "मावशी, हितं बिबट्या हाये. कुत्री राहीनात, मांजर कुठलं?" तरी ती दिवस कलेपर्यंत हलली नाही. गोरख खाली मान घालून तिच्या मागं चालत होता.

दोन महिन्यांनी अश्विनी माहेराहून मांजराचं पिल्लू घेऊन आली. "आत्याबाई, तुमच्यासाठी आणलंय."

ठकूबाईनं नदीची वाळू चाळून नव्या घमेल्यात भरली. "हे त्याच्या खायच्या ताटलीजवळ ठेवू नको. घाण रोज काढ. कुठं मुतलंच तर साबण अन् सोडा," तिनं सुनेला नीट समजावलं.

"घ्या की त्याला जवळ," अश्विनी म्हणाली.

"तू सांभाळ. माझ्या हाताला नको."

पुढं ती तीन वर्षं जगली. पिल्लू मोठं झालं, तिच्या पायांत घोटाळायचं. ती पाय बाजूला घ्यायची.