दुसऱ्यांदा दाबलेली कळ

आमच्या भोर तालुक्यात ‘तात्पुरतं’ या शब्दाला फार आयुष्य आहे. तात्पुरती शाळाखोली, तात्पुरता पूल, तात्पुरत्या पदभारावर आलेले साहेब, यांतलं काहीही जाताना मी पाहिलेलं नाही. त्यामुळे डेटाबेसमध्ये तात्पुरता तक्ता बनवता येतो आणि काम झालं की तो खरोखर नाहीसा होतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यावर माझा विश्वास बसला नाही.

भारनियमनाची ती वर्षं. नसरापूरला हमरस्त्याजवळ एका गाळ्यात माझं संगणकाचं छोटं दुकान होतं. भोंगवलीच्या बाजूच्या एका गावातल्या पाणीसंस्थेने पाळीचं वेळापत्रक संगणकावर काढायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. नदीवर मोटार, तिथून पाइपलाइन, आणि नियम असा की पाणी आधी शेपटीच्या, म्हणजे पाइपच्या शेवटच्या टोकाच्या रानाला द्यायचं, मग मागे सरकत सरकत मोटारीजवळच्या रानाला. मोटारीला अगदी लागून अध्यक्षांचं रान होतं आणि त्याच्या शेजारी माजी अध्यक्षांचं. योजना जिथून सुरू होते तिथे अध्यक्षांचं रान असणं, हा आमच्याकडे भूगोलाचा नियम आहे.

मी एक फंक्शन, म्हणजे डेटाबेसच्या आतच चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं. ते आधी सुरुवातीची वेळ विचारायचं. मग पाणी मागणाऱ्यांना एका तात्पुरत्या तक्त्यात गोळा करायचं, शेपटीकडून रांगेत उभं करायचं, रानाच्या आकाराप्रमाणे वेळ वाटायचं, कागद छापायचं आणि तक्ता मोडून टाकायचं. संध्याकाळी सहाला वीज जाई. ज्याची पाळी सहाच्या पुढे सरकेल त्याच्या नावापुढे ‘उद्या रात्री’ असं छापून येई, कारण उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर वीज रात्रीची होती. थंडीत बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला जाण्याची हौस कुणालाच नसते. पदाधिकाऱ्यांना तर नसतेच.

फंक्शन उत्तम चालत होतं. मी काहीतरी दुरुस्त करायचो, नव्याने चढवायचो, एकदा चालवून बघायचो, की पुन्हा दुरुस्ती. लागोपाठ दोनदा ते कधी चालवलंच नव्हतं. एकच वेळापत्रक दोनदा कोण काढतो?

उद्घाटनाला मॉनिटरला हार घातला होता आणि कीबोर्डवर हळदकुंकू सांडलं होतं. कार्यालयाच्या दाराशी संगणकाचं टेबल आणि समोर मांडव होता. संस्थेने ठराव केला होता की, संगणकाचा कागद हातात आल्याशिवाय मोटार सुरू करायची नाही. पुढच्या रांगेत चाची बसल्या होत्या. सगळं गाव त्यांना चाचीच म्हणायचं. नवरा पुण्याला टेम्पोवर, रान त्याच बघायच्या, आणि ते रान थेट शेपटीला. त्यांचा गहू चिकात आला होता. या पाळीला पाणी चुकलं तर दाणा बारीक पडणार होता. पहिली पाळी आपली, म्हणून त्या खोरं घेऊनच कार्यक्रमाला आल्या होत्या. चुकलेली वेळ पुन्हा द्यायची नाही, हाही संस्थेचाच नियम.

अध्यक्षांचं भाषण बाराच्या सुमाराला संपलं. ठरल्याप्रमाणे मी बाराची वेळ घातली, त्यांनी कळ दाबली, प्रिंटर कोकलला आणि टाळ्या झाल्या. मी उठायला लागलो, तर अध्यक्ष म्हणाले, “बसा की सायेब. आता आबांचा मान.”

इथे माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे नारळ एकाच्या हातून फुटत नाही. प्रत्येक गटाचा एक, प्रत्येक पदाचा एक. कळ हा नारळाचाच प्रकार आहे, हे मला सुचलं नव्हतं. आबा, म्हणजे माजी अध्यक्ष, पुढे आले, टोपी सारखी केली आणि कळ दाबली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. प्रिंटर गप्प.

“आमचा हात लागला की मशिनीला घाम फुटतो व्हय?” आबा म्हणाले.

“मशिनीला मानूस कळतो, आबा,” अध्यक्ष म्हणाले.

“कळत आसंल. तुमीच आणलीया ती.” आबा खुर्चीत टेकले. “माजा कागद निघंस्तवर मोटार चालू व्हायची न्हाई.”

अध्यक्षांच्या हातात छापील कागद होता. पण तो अध्यक्षांच्या हातचा होता, आणि त्यावर अर्ध्या गावाचा विश्वास नव्हता. मोटारवाला मांडवाच्या खांबाला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

मी ती ओळ वाचली आणि काय झालं ते उमगलं. त्या काळच्या आमच्या डेटाबेसला एक खोड होती. फंक्शन पहिल्यांदा चाललं की कुठल्या तक्त्याकडे जायचं ते पाठ करून ठेवायचं, आणि तेही तक्त्याच्या नावाने नव्हे, आतल्या क्रमांकाने. तो तक्ता मोडून त्याच नावाचा नवा उभा केला, तरी दुसऱ्या खेपेला ते जुना क्रमांकच शोधायचं. आठवडे बाजारात दुकानदाराने नवं पाल ठोकलेलं समोर दिसत असताना गेल्या आठवड्यातली मेख शोधत फिरावं, तसं. डेटाबेसशी असलेली जोडणी तोडून पुन्हा जोडली, किंवा फंक्शन नव्याने चढवलं, की हे पाठांतर पुसलं जायचं.

मी जोडणी तोडली. तेवढ्यात चाची टेबलाशी आल्या.

“दादा, ह्यात माजं नाव कितवं?”

“पहिलं.”

“कदीपासनं?”

“बारापासून.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा केव्हाच वाजून गेले होते. “मंग मी हितं टाळ्या वाजवाया बसलीय का?”

जोडणी पुन्हा जुळली. फंक्शनने सुरुवातीची वेळ विचारली. बारा घातले असते तर आबांचा कागद अध्यक्षांच्या कागदासारखा निघाला असता आणि वाद तिथेच मिटला असता, पण चाचींची गेलेली वेळ बुडाली असती. मी घड्याळात होती ती वेळ घातली. आबांनी कळ दाबली, आणि कागद निघाला.

दोन्ही गटांनी दोन्ही कागद उन्हात धरून ताडून पाहिले. नावं तीच होती, क्रम तोच होता, वेळा मात्र सगळ्यांच्याच पुढे गेल्या होत्या.

“ह्यो फरक कशाचा?” आबांनी विचारलं.

“मोटार आत्ता सुरू झाली तर असं होईल,” मी म्हणालो. “अजून एक मान झाला, की आणखी सरकेल.”

मांडवात अजून पाच मान शिल्लक होते. उपाध्यक्षांनी बाह्या वर केल्या होत्या. अध्यक्षांनी बोट खालच्या ओळींवर फिरवलं. आबा शेवटून दुसरे, ते स्वतः शेवटचे, जेमतेम सहाच्या आत. त्यांनी बाह्या वर केलेल्या उपाध्यक्षांकडे पाहिलं, मग आबांकडे. आबांनीही ओळ वाचली होती.

“बाकीच्यांचा मान फुडल्या खेपंला,” अध्यक्ष म्हणाले.

“बराबर हाय,” आबा म्हणाले.

गेल्या दोन निवडणुकांत हे दोघे प्रथमच एका बाजूला होते. मोटारवाला निघायच्या आधीच चाची खोरं खांद्यावर टाकून बांधाच्या वाटेला लागल्या होत्या.

मांडव रिकामा झाल्यावर उपाध्यक्ष हळूच आत आले. “मी येकदा दाबून बगू का? कुनी न्हाई आता.”

त्यांनी कळ दाबली. पुन्हा तीच इंग्रजी ओळ, तिच्यातला क्रमांक तेवढा वेगळा. त्यांनी ती बराच वेळ, हात मागे बांधून वाचली.

“माजं येगळं आलं.”

“पदाप्रमाणे येतं,” मी म्हणालो. ते समाधानाने गेले.

मग मी फंक्शनमधला तो भाग बदलला. तात्पुरत्या तक्त्याला हात लावणारं प्रत्येक वाक्य आता ऐनवेळी नव्याने जुळवून चालवलं जाईल, म्हणजे पाठांतराला जागाच उरणार नाही, असं केलं. आणि या वेळी ते एकामागून एक, हात दुखेपर्यंत चालवून बघितलं. कागद संपत आला तेव्हा थांबलो.

परतीची गाडी यायला अवकाश होता, म्हणून शेपटीच्या रानाकडे चालत गेलो. चाची पाठमोऱ्या, वाकून एक दार मोडून दुसरं धरत होत्या. पाणी सरीतून जरा अडखळत, कचरा पुढे ढकलत येत होतं. मी काहीतरी विचारणार होतो, पण त्याच आधी बोलल्या.

“दादा, वाफ्यात हुबं ऱ्हायलाय तुमी. बांधावर या.”

मी खाली पाहिलं. चपला भिजल्या होत्या.