डिग्रीसाठी एक बाळंतपण

नर्सिंगच्या डिग्रीचा अभ्यास मी हुमनाबादच्या एका इंटरनेट कॅफेत केला. डिप्लोमा होता, दवाखान्यात बरीच वर्षं काढली होती. पण त्या वर्षी व्यवस्थापनाने सांगून टाकलं, डिग्री नसेल तर पुढचं कंत्राट नाही. घरी एक मुलगी, बायकोला दिवस गेलेले. नोकरी सोडून कॉलेजात बसणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन प्रवेश घेतला. ड्युटी सुटली की कॅफे गाठायचो. लेक्चर मध्येच अडकायचं, पडद्यावर मास्तरांचं तोंड उघडंच राहायचं, आणि तेवढ्यात लाइट जायची. "अण्णा, आता उद्या या," म्हणत कॅफेवाला शटरला हात घालायचा.

तरी थिअरी कशीबशी रेटली. अडलो ते बाळंतपणांवर. ठरावीक बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करायची आणि मुख्य सिस्टरची सही घ्यायची, अशी अट होती. आमच्या भागात अडचण पडली तर पुरुष डॉक्टर चालतो. पुरुष नर्स मात्र कुणालाच चालत नव्हता.

निर्ण्याहून सुनेला घेऊन आलेल्या एका म्हातारीने मला लेबर रूमच्या दारात पाहिलं आणि ती कडाडली, "ह्यो बाप्या कामून उभारलाय हितं? ह्याला काय लेकरू व्हायलंय?"

"आजी, ते नर्सच आहेत," आमच्या मुख्य सिस्टर म्हणाल्या. त्या कन्नड, सगळा दवाखाना त्यांना अक्का म्हणायचा.

"नर्स? नर्सबाया मिशा कवापासून ठेवायल्या गं माय?"

सगळे हसले. मीही हसलो आणि पडद्याबाहेर जाऊन उभा राहिलो.

अक्कांनी मला धाकट्या भावासारखं सांभाळलं, हाकही 'तम्मा' अशीच मारायच्या. नको म्हणायलाही कुणाला सवड नसायची, अशा घाईच्या वेळी त्या मला आत ओढायच्या. तशी एकेक करत बाळंतपणं जमली. शेवटचं एक राहिलं आणि मुदत संपत आली. पडद्याबाहेर उभा राहून मी मनात मागायचो, एखादी बाई एकटी येऊ दे, तिच्याबरोबर भांडायला कुणी नसू दे. रोग्यांची सेवा करणारा माणूस मी, आणि हे मागत होतो.

बायकोचे दिवस भरत आले होते. मुलगी संतपूरला, तिच्या माहेरीच झाली होती. याही वेळी ती तिथेच जायची होती, पिशवी भरून झाली होती. मी म्हणालो, "जाऊ नकोस. आपल्याच दवाखान्यात करू."

"कामून?"

मी शेवटच्या सहीचं सांगितलं. ती बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"तिथं सगळी तुमची माणसं हायती. उद्या त्या बायांम्होरं मान वर करता यील का मला?"

"आणि नोकरी गेली तर खायचं काय?"

याच्यावर ती बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिने पिशवीतली लुगडी काढून पुन्हा पेटीत ठेवली.

कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाई संतपूरहून आलेल्या होत्या. लेबर रूमच्या दारात त्यांनी माझी वाट अडवली. "जावईबापू, तुम्ही भाईर थांबा की. बायामाणसाचं काम हाय ते."

अक्काही हळूच म्हणाल्या, "तम्मा, राहू दे. दुसरी केस येईल."

"मुदतीच्या आत येईल?" मी विचारलं.

अक्कांनी हातमोजे पुढे केले.

मी आत जाताच बायकोने चादर तोंडावर ओढून घेतली. त्या टेबलावर बायका ओरडतात, आईला हाका मारतात, नवऱ्याला शिव्या देतात. हिने हूं की चूं केलं नाही. चादर फक्त श्वासाबरोबर आत-बाहेर होत होती. आणि मी रोजच्या सवयीने बोलून गेलो, "बाई, लांब श्वास घ्या. जोर लावा, बाई." स्वतःच्या बायकोला मी बाई म्हणालो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मुलगा झाला. ठणठणीत. नाळ कापली, पुसून त्याला तिच्या छातीवर ठेवलं. तिने चाचपडत एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्या हाताने चादर तशीच धरून ठेवली. मी बाहेर जाईपर्यंत.

डिग्री मिळाली, कंत्राटही वाढलं. ती कधी टोचून बोलली नाही. मी कामावरून आलो की भाकरी वाढते, मुलांच्या शाळेचं सांगते, हसतेसुद्धा. फक्त स्वतःचं दुखणं मला सांगत नाही. ताप आला तरी शेजारणीला सांगते.

गेल्या वर्षी ती आईला भेटून येते म्हणून संतपूरला गेली. पोटात महिनाभर दुखत होतं आणि औरादच्या बाई डॉक्टरांना दाखवायला ती गेली होती, हे सासूबाईंच्या फोनवरून कळलं. ती परत आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला ड्युटी असती," ती म्हणाली.

ती संतपूरला गेली त्या दिवशी मला सुट्टी होती. मीच तिला बसमध्ये बसवून दिलं होतं. पोटाशी हात दाबून ती खिडकीपाशी बसली होती, आणि मला वाटलं, पदर सावरतेय.