बंद कॅमेऱ्यामागच्या टीचर

शाळा पुन्हा उघडली त्या सकाळी गेटला फुग्यांची कमान लावली होती. थंडी कडाक्याची. मुलं एकेक करून रिक्षांतून उतरत होती, कानटोपीखाली मास्क, मास्कखाली वाफ. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर स्वतः उभ्या राहून प्रत्येकाच्या कपाळावर तापाचं मशीन धरत होत्या. स्पीकरवर स्वागताचं गाणं चाललं होतं. पालक समितीतले एक गृहस्थ मोबाइलवर व्हिडिओ काढत मुलांना सांगत होते, "हसा, हसा, इकडं बघून हसा." मास्कच्या आत कोण हसतंय ते त्यांना कसं दिसणार होतं, देव जाणे.

मी या शाळेत तरुणपणापासून शिकवते. चर्चच्या आवारातली प्राथमिक शाळा आहे. अंबडला कारखान्यात जाणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, दुकानांत कामाला असणाऱ्यांची मुलं. कॅथलिक घरांतली थोडी, बाकी सगळ्या घरांतली. मी स्वतः कॅथलिक. बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, लग्नही इथंच. हे सांगते, कारण पुढं मी जे बोलणार आहे ते बाहेरच्या माणसाचं बोलणं नाही.

मला त्या दिवसापासून दुसरीचा वर्ग दिला होता. घरून शाळा चालू असताना तो वर्ग एक नवी, तरुण टीचर घेत होती. नाताळात तिचं लग्न झालं आणि ती सिन्नरला गेली. तिच्याआधी, पहिलीपासून, तो वर्ग माझ्या मैत्रिणीकडं होता. माझी मैत्रीण मूळची निफाडकडची, द्राक्षवाल्यांच्या घरातली. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. ती इतकी उंच होती की वर्गाच्या दारातला पडदा बाजूला न करता आत गेली तर तो तिच्या डोक्यावर बसायचा आणि पोरं खिदळायची. दुसऱ्या लाटेत, मे महिन्यात, ती गेली. ऑक्सिजनचा बेड मिळाला होता. तरी गेली. आम्हा कुणालाच तिचं शेवटचं दर्शन घेता आलं नाही. तिच्या नवऱ्यानं फोन करून सांगितलं आणि मी भाजी गॅसवर तशीच ठेवून जमिनीवर बसले.

तर ही दुसरीची मुलं. पहिलीत प्रवेश घेतला तेव्हा शाळा बंद, त्यामुळं शाळेची इमारत ती पहिल्यांदाच बघत होती. नळ कुठं, मुतारी कुठं, बाकावर दोघांनी कसं बसायचं, काही माहीत नाही. मी त्यांना ओळीत घेऊन व्हरांड्यातून चालले होते. तेवढ्यात एक मुलगी ओळ सोडून पुढच्या वर्गाच्या दाराशी गेली आणि तिथल्या टीचरकडं टक लावून बघत उभी राहिली. मग परत आली. मग ग्रंथालयाच्या दाराशी. मला वाटलं, हरवल्यासारखं झालं असेल पोरीला. वर्गात आल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"टीचर, एकदा मास्क काढा ना."

माझा चेहरा बघायचा असेल, म्हणून मला बरं वाटलं. दूर उभी राहून मी मास्क खाली केला. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"तुम्ही त्या नाही," ती म्हणाली.

"कोण नाही गं?"

"आमच्या टीचर. पहिलीत दिसायच्या, मग त्यांचा कॅमेरा खराब झाला ना, म्हणून दिसायच्या नाहीत. आता कुठं बसतात त्या?"

मागून दोघं-तिघं ओरडले, "हो टीचर, आमच्या टीचर कुठंयत?" आणि त्यांनी माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं.

मला आधी काही कळेना. मग कळलं, यांना ती गेल्याचं माहीतच नाही. मी त्यांना चित्र काढायला दिलं आणि मधल्या सुट्टीची वाट बघत बसले. काय काढलं त्यांनी, आठवत नाही.

मधल्या सुट्टीत मी सिन्नरला गेलेल्या त्या तरुण टीचरला फोन लावला. ती लगेच रडायलाच लागली. "मला सांगितलं होतं टीचर, जुन्याच नावानं लॉगिन करायचं. कॅमेरा लावायचा नाही. जास्त बोलायचं नाही, व्हिडिओ दाखवायचे. मुलं रोज म्हणायची, टीचर कॅमेरा लावा ना, कॅमेरा लावा ना. मी म्हणायचे, बिघडलाय. माझी पहिलीच नोकरी होती हो."

म्हणजे जूनपासून नाताळापर्यंत ही लेकरं रोज सकाळी एका मेलेल्या बाईला गुड मॉर्निंग म्हणत होती. आणि काळ्या चौकोनातून तिच्या नावानं कुणीतरी त्यांना गुड मॉर्निंग म्हणत होतं.

मी सिस्टरांच्या ऑफिसात गेले. त्या उरलेले फुगे मोजून पिशवीत भरत होत्या.

"दुसरीच्या मुलांना ती गेल्याचं कुणी सांगितलेलंच नाही?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "पालकांना ग्रुपवर कळवलं होतं. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, मुलांना सध्या सांगू नका. घराघरांत काय चाललं होतं तुम्हाला माहीत आहे. त्यात आणखी एक कशाला?"

"पण तिच्या नावानं दुसऱ्याच टीचरला बसवलंत, सिस्टर!"

"मुलांना ओळखीचं वाटावं म्हणून. नवीन टीचर म्हटलं असतं तर शंभर प्रश्न आले असते."

"आता येतायत ते प्रश्न. एकेका वर्गाच्या दाराशी जाऊन शोधतायत तिला, माझाही मास्क काढायला लावला."

"थोडे दिवस. मग विसरतील." आणि वर म्हणाल्या, "आता कुठं सगळं आनंदात सुरू झालंय. हे तुम्ही काढू नका."

विसरतील. हा शब्द मला आजही चावतो. आमच्या धर्मात मेलेल्यांसाठी अख्खा नोव्हेंबर राखून ठेवलेला. आम्ही कबरी धुतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकेकाचं नाव वाचतो, पणजोबांच्या नावानंसुद्धा मिस्सा देतो. विसरू नये म्हणून एवढा खटाटोप करणारे आम्ही, आणि सात वर्षांच्या पोरांना मात्र विसरायला लावणार. बरं, सिस्टर काही दुष्ट बाई नव्हत्या. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या कॉन्व्हेंटमधल्या दोन म्हाताऱ्या सिस्टर गेल्या होत्या आणि त्यांनी स्वतः त्यांचं सगळं केलं होतं. हे मला माहीत होतं. तरीही माझा राग तसूभर कमी झाला नाही. उलट वाढला. ज्या बाईनं इतकं बघितलं तिला तरी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही. हजेरी झाल्यावर दार लोटलं आणि सांगितलं, "तुमच्या टीचर मे महिन्यात करोनानं वारल्या."

"वारल्या म्हणजे?" एकानं विचारलं.

"मेल्या."

मला वाटलं होतं, रडारड होईल. कुणी रडलं नाही. मग एक मुलगा म्हणाला, "माझे आजोबा पण." दुसरी म्हणाली, "माझी आत्या." "आमच्या खालचे काका." "माझे बाबा," असं एक मुलगी खिडकीशी बसून अगदी साध्या आवाजात म्हणाली. कुणाला वाचवत होतो आम्ही? कशापासून? या वर्गात मृत्यू न पाहिलेलं पोर शोधावं लागलं असतं.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. त्यांना दवाखान्यात सुई टोचली का? टीचर केवढ्या होत्या? आम्हाला इथपर्यंतच दिसायच्या, असं म्हणून एकानं स्वतःच्या खांद्यांवर हात ठेवले. मी दाराशी गेले, हात उंच करून पडदा वरच्या टोकाशी धरला आणि म्हणाले, "इथपर्यंत." ती सगळी आ वासून बघत राहिली. एक-दोघं हसली. मीही हसले, आणि ते खूप बरं वाटलं.

पण मास्क काढायला लावणारी ती मुलगी हसली नव्हती. ती हिशोब करत होती. शेवटी तिनं विचारलं, "मे महिन्यात मेल्या. मग नंतर आमच्याशी रोज बोलायचं ते कोण होतं?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "भूत!"

बस. तेवढंच. मी सांगत राहिले, अरे, दुसऱ्या टीचर होत्या, तरुण होत्या, नवीन होत्या. पण वर्गात भीती शिरली ती शिरलीच. ती मुलगी पांढरीफटक पडली. "मला माहीत होतं," ती म्हणत होती. "तो आवाज त्यांचा नव्हता. मी मम्मीला सांगितलं होतं. मम्मी म्हणाली, टीचरचा घसा बसलाय."

त्या रात्री बरीच मुलं झोपली नाहीत. दुसऱ्या दिवशी गेटवर आया उभ्या. "टीचरनी मुलांना भुताच्या गोष्टी सांगितल्या," ही तक्रार. त्याच मुलीची आई सगळ्यांत पुढं. "माझी मुलगी मोबाइलला हात लावत नाहीये. म्हणते, यात मेलेली माणसं बोलतात. आम्ही एवढे दिवस सांभाळलं होतं, तुम्ही एका दिवसात घालवलंत!"

"काय सांभाळलंत?" मी गेटवरच ओरडले. शाळेच्या आवारात माझा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. "तिनं तुम्हाला खरं सांगितलं होतं. हा आवाज टीचरचा नाही म्हणाली होती. तुम्ही तिला तिच्याच कानांवर विश्वास ठेवू दिला नाहीत. भूत मी नाही आणलं. भूत तुम्ही सगळ्यांनी मिळून केलंत, ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकून!"

सिस्टर मला दंडाला धरून आत घेऊन गेल्या. लेखी समज देऊ म्हणाल्या. मी म्हटलं, "द्या. पण आधी सिन्नरहून त्या मुलीला बोलवा. पोरांना तिचा चेहरा दाखवा. नाहीतर मी फादरांकडं जाते." त्यांनी समजेसाठी काढलेला कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला. मग त्यांनी स्वतःच फोन लावला. एवढं मात्र मला मान्य करावं लागेल.

ती आली. हातांत अजून हिरवा चुडा, चेहरा उतरलेला. ती वर्गात शिरल्यावर मुलं बाकांवर मागं सरकली. शेवटी मी म्हटलं, "डोळे मिटा. टीचर, तुम्ही बोला."

ती कशीबशी म्हणाली, "गुड मॉर्निंग मुलांनो. सगळ्यांनी म्यूट करा बरं."

डोळे मिटलेल्या चेहऱ्यांवर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एक पोरगा ओरडला, "ह्याच! ह्याच आहेत!" आणि सगळा वर्ग सुटल्यासारखा गलका करायला लागला. दोघी तर जाऊन तिचा चुडा हलवून बघायला लागल्या, माणसाचाच हात आहे ना म्हणून.

मास्क काढायला लावणारी ती मुलगी जागेवरून उठली नाही. "तुम्ही सांगितलं का नाही?" तिनं बाकावरूनच विचारलं.

"मला भीती वाटली," ती तरुण बाई म्हणाली.

"कोणाची?"

तिची नजर दाराकडं गेली. दारात सिस्टर उभ्या होत्या. सगळ्या वर्गानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. सिस्टर आत आल्या. "मी सांगितलं होतं, तसं करायला," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं." आणि लगेच, जरा घाईनंच, "चला, आता आपण टीचरसाठी प्रार्थना करू या."

मुलांनी हात जोडले. माझे हात जुळले नाहीत. दोन शब्दांत चुकलं म्हणायचं आणि लगेच देवाला मध्ये आणायचं, हे मला गिळता येईना. त्या मुलीनंही डोळे मिटले नव्हते. आमची नजरानजर झाली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये माझ्या मैत्रिणीच्या नावानं मिस्सा झाला. तिचा नवरा निफाडहून आला, मागच्या बाकावर बसला, त्याला कधी उठायचं कधी बसायचं ते कळत नव्हतं, मी खुणेनं सांगत होते. दुसरीची बरीच मुलं आली होती. पालक समितीतलं कुणी आलं नाही.

लोक मला नंतर म्हणाले, झालं ना सगळं नीट, आता सोडा. काय नीट झालं?

मार्चमध्ये मला ताप आला आणि मी दोन दिवस शाळेत गेले नाही. साधा ताप. सकाळी शाळेतून फोन. माझ्या वर्गावर पाठवलेल्या टीचर वैतागून म्हणाल्या, "अहो, ही पोरं काही ऐकत नाहीयेत. तुम्ही मेलात का म्हणून विचारतायत. आजारी आहेत म्हटलं तर म्हणतात, असंच सांगतात. व्हिडिओ कॉल करा म्हणतायत. करा बाई एकदा."

मी केस न विंचरता, गळ्याला मफलर गुंडाळून कॅमेरा लावला. पडद्यावर पोरांची डोकी एकमेकांवर चढलेली. "टीचर, बोला," कुणीतरी म्हणालं. मी बोलले. "आता हात हलवा." मी हात हलवला. "आता उभ्या राहा." मी तापात पलंगावरून उठले आणि उभी राहिले, डोक्यापासून पायांपर्यंत दिसेन अशी. तेव्हा कुठं ती जागेवर गेली.

फोन ठेवला तरी मी तशीच उभी होते. नवऱ्यानं विचारलं, थंडी वाजतेय का, ब्लँकेट देऊ का. नको म्हटलं.