क्लच मावशीचं निम्मं बिल

क्लच मावशीकडे मी गाडी शिकायला लागले तेव्हा तिची गाडी एकोणीस वर्षांची होती आणि ती स्वतः अठ्ठावन्नची. दोघींचा आवाज लांबूनच ओळखू यायचा. "तो क्लच आहे, शिलाई मशीनचं पायडल नव्हे," हे तिचं वाक्य आमच्या भागातल्या निदान दोनशे बायकांनी ऐकलं असेल, आणि त्यावरूनच तिला ते नाव पडलं. पहिल्या चुकीला ती समजावून सांगायची. दुसऱ्यांदा तीच चूक केली की तुमचा उद्धार.

वडील अचानक गेले तेव्हा तिचा धाकटा भाऊ शाळेत होता. मावशीने कुणाच्या तरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी धरली आणि भावाचं शिक्षण पुरं केलं. तो विमा कंपनीत चिकटला, त्याचं लग्न झालं, मगच तिने स्वतःची गाडी घेतली. शेजारच्या सीटपाशी जादा क्लच आणि ब्रेक बसवले, दारावर आपला फोन नंबर रंगवला. स्वतःचं लग्न या सगळ्यात राहून गेलं. पण त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

गाडीबद्दल मात्र तिला भारी अभिमान. "जुनी गाडी नीट जपली तर खर्चात पाडत नाही," असं ती ज्याला त्याला ऐकवायची. चौकापलीकडच्या नव्या ड्रायव्हिंग स्कूलने फी वाढवली की ती हसायची. तिची फी चार वर्षं तेवढीच होती. तिच्या भरवशावर तिच्या दोन विद्यार्थिनींनी जुन्या गाड्याही घेतल्या होत्या.

माझ्या अकराव्या दिवशी चढावर गिअर अडकला तो निघेचना. "या खेपेला तुझी चूक नाही," मावशी म्हणाली. तिच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. चार माणसांनी ढकलत गाडी गॅरेजला नेली. नेहमीचा मिस्त्री हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. हाताखालचे दोघे कारागीर काम करत होते आणि हिशेबाच्या टेबलापाशी त्याची बायको बसली होती.

तीन दिवसांनी गाडी झाल्याचा निरोप आला. तास बुडू नये म्हणून मावशीने मलाही बरोबर घेतलं. मिस्त्रीच्या बायकोने बिल पुढे केलं. मावशीने ते वाचलं, चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे दुसऱ्या कुणाचं दिलंस."

"तुमचंच आहे, बाई. गिअरबॉक्स उघडावा लागला. क्लच प्लेटही गेली होती."

"मागच्या वर्षी क्लच प्लेट बदलली तेव्हा याच्या निम्मेसुद्धा नव्हते झाले."

"ते तुमच्याकडचं निम्मं झालं. बाकीचे तुमच्या भावाकडून येतात ना? करू का त्यांना फोन? हे करतात नेहमी."

मावशी ओरडली नाही. मला भीती वाटली ती त्यामुळेच.

"कधीपासून?"

"रेडिएटर बदलला होता बघा, तेव्हापासून." मग बाईच्या लक्षात आलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

रेडिएटर बदलून चार वर्षं झाली होती. त्यानंतर पुढची चाकं ठोके द्यायला लागली म्हणून काम निघालं, सायलेन्सर गळून पडला, वायरिंग जळलं, दोनदा ब्रेकचं काम झालं. दर वेळी मावशी बिल भरून यायची आणि सगळ्यांना सांगायची, बघा, एवढ्यातच भागलं.

"गाडी राहू दे इथेच," ती म्हणाली आणि चालायला लागली. मी हळूच घरी सटकणार होते. "कुठे निघालीस? तुझा तास संपलेला नाही." मग मीही तिच्या मागोमाग.

विमा कंपनीचं ऑफिस दहा मिनिटांवर होतं, ते तिने सहा मिनिटांत गाठलं. भाऊ कुणाला तरी फॉर्म समजावून सांगत होता. बहिणीचा चेहरा बघून त्याने गिऱ्हाइकाला बाहेर बसायला सांगितलं. मावशीने बिल त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते पाहिलं आणि हळूच उलटं करून ठेवलं.

"बोल की."

"ताई, तू माझ्यासाठी इतकं केलंस. मी थोडं केलं तर बिघडलं कुठे?"

"मी तुझी फी भरत होते ते तुला ठाऊक होतं की नाही? की तुझं कॉलेज फुकट आहे असं सांगितलं होतं मी?"

"सांगितलं असतं तर तू पैसे घेतले असतेस?"

"नसते घेतले."

"मग?"

"मग नसते घेतले. गाडी विकली असती, फी वाढवली असती, माझं मी बघितलं असतं. चार वर्षं मी गावभर नाकाने कांदे सोलत फिरले आणि तू आणि तो मिस्त्री मला हसत होतात."

"कोणी हसलं नाही, ताई."

"मग कीव करत होतात. ते तर त्याहून वाईट. माझ्या शब्दावर दोन बायकांनी जुनी खटारी गळ्यात बांधून घेतलीत, रे. त्यांना काय सांगू, माझं निम्मं बिल भाऊ भरायचा?"

भाऊ काहीतरी बोलायला गेला, पण ती उठली होती. बाहेर पायऱ्यांवर ती टेकली. तिने मला पाणी आणायला पाठवलं.

त्याच आठवड्यात ती त्या दोघींकडे जाऊन आली. एकीने हसण्यावारी नेलं. दुसरीने दारातच उभं करून बरंच सुनावलं, आणि मावशीने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मिस्त्री घरी आल्यावर तिने त्यालाही गाठलं. तो पलंगावर पडल्या पडल्या हात जोडत होता. "टाके पडलेत म्हणून वाचलास," एवढंच त्याला म्हणाली. शेवटचं बिल तिने सगळं स्वतः भरलं, गाडी भंगारात दिली आणि चौकापलीकडच्या त्या नव्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी मागायला गेली. तिथला मालक तिच्या निम्म्या वयाचा. त्याने लगेच घेतलं, कारण अर्ध्या बायका तिचंच नाव विचारत यायच्या. आता पगारातून ती दर महिन्याला भावाच्या खात्यात पैसे टाकते. तो परत पाठवतो, ती पुन्हा टाकते.

परवा रस्त्यात भेटली. मी विचारलं, "मावशी, राग गेला का भावावरचा?"

"जातोय कुठे," ती म्हणाली. "रविवारी जेवायला जाते मी त्यांच्याकडे. जेवण होईपर्यंत गप्प बसते. मग भांडतो आम्ही. त्याला अजून वाटतं त्याचं बरोबर होतं."

"आणि त्याची बायको?"

"ती माझ्या बाजूने आहे. तिलाही त्याने सांगितलं नव्हतं."