अण्णांचा मेपल

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला तर नाहीच — त्याच्या वडिलांबद्दलच आहे ना.

सासूबाई गेल्यावर अण्णा आमच्याकडे बहारीनला आले, हिद्दच्या फ्लॅटवर. दिवसभर करणार काय? नर्सरीतून कुंडीतला जपानी मेपल घेऊन आले. लाल, नाजूक पानं. इथल्या उन्हात असलं झाड? मी हसले होते. पण जगवलं हो त्यांनी! नळाचं पाणी खारट म्हणून एसीचं पाणी बादलीत धरायचे. सकाळी कुंडी बाल्कनीत, ऊन चढायच्या आत हॉलमध्ये. एरवी इंग्लिशच बोलणारी माझी लेक ‘आजोबा, नवं पान!’ म्हणून ओरडायची.

आणि मी? मला त्या ओल्या फरशीचा वैताग यायचा. खोटं कशाला बोलू?

जूनमधला शुक्रवार. मैत्रिणी जेवायला यायच्या होत्या. अण्णा आंघोळीला गेलेले. त्यांनी आत आणलेली कुंडी मी पुन्हा बाल्कनीत ठेवली, पडदा ओढला. म्हटलं, फरशी पुसली की घेते आत. कसलं काय! बायकांत नको म्हणून अण्णा खोलीतच जेवले, झोपले. आणि मी गप्पांत — विसरले. हो, मीच.

संध्याकाळी पडदा सरकवला, तर पानं भाजलेल्या पापडासारखी. अण्णा बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “आत घ्यायचं राहिलं वाटतं माझ्याकडून.”

तेव्हा सांगता आलं नसतं? जीभ झडली असती का माझी? नवरा शेजारीच होता. मी म्हटलं, “होतं असं, अण्णा. वय झालं.”

वय झालं! एवढं पुरलं. नवऱ्यानं त्यांना गॅसला हात लावू दिला नाही. नातीला स्कूलबसवरून आणणं अण्णांनी आपणहून सोडलं — “तिलाच विसरलो तर?” फार वाईट वाटायचं मला. रोज वाटायचं, आज सांगू. रोज गिळलं. शेवटी ‘तुम्हाला घोर नको’ म्हणत ते साताऱ्याला, धाकट्या दिरांकडे गेले. तिथेच वारले.

तोवर दर रविवारी फोन करायचे. आणि उचलला की आधी विचारायचे, “माधवी, आज माझा हा दुसरा फोन तर नाही ना गं?”

एकदाही तो दुसरा नव्हता.